‘रिमांड होम’ म्हणजे लहान मुलांचा तुरुंगच ना? सरकार तिथे मुलांची नक्की काय सोय करतं? आणि मूल आत बिघडतं का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या चाळीतल्या १६ वर्षांच्या मुलाला मोबाइल हिसकावल्याच्या आरोपावरून पोलिसांनी नेलं. आता तो ‘रिमांड होम’ला आहे, त्याची आई रडून रडून अर्धी झालीय, आणि आजूबाजूचे म्हणताहेत की पोरगा हातचा गेला, तिथून पक्का चोर होऊनच बाहेर येणार. मी १९ वर्षं परिविक्षा अधिकारी म्हणून, म्हणजे अशा मुलांच्या घरची माहिती काढून अहवाल देणारी आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारी म्हणून, दोन जिल्ह्यांत काम केलं, आता निवृत्त आहे. जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरून सांगते.

आधी त्याच्या आईला दोन गोष्टी सांगा. तिचा मुलगा तुरुंगात नाही. आणि त्याच्यावर अजून काहीही सिद्ध झालेलं नाही.

‘रिमांड होम’ हे नाव कायद्यातून कधीच गेलं, लोकांच्या तोंडून गेलं नाही. मुंबईत आया पोरांना ‘डोंगरीला टाकीन’ म्हणून दम देतात, पेपरात ‘बालसुधारगृह’ छापून येतं, आणि पोलीस ठाण्यातला हवालदारही ‘रिमांडला सोडून आलो’ असंच म्हणतो. सध्या लागू आहे तो २०१५ चा बाल न्याय अधिनियम. त्यात अठराच्या आतल्या अशा मुलांना ‘विधी संघर्षग्रस्त बालक’ म्हणतात, आणि त्यांच्यासाठी सरकारनं तीन तऱ्हेच्या जागा ठेवायच्या आहेत. चौकशी चालू असेपर्यंत निरीक्षणगृह. मुलानं गुन्हा केलाय असं बाल न्याय मंडळाला (अशा मुलांची प्रकरणं हेच मंडळ ऐकतं) आढळलं आणि त्याला घरी पाठवणं बरोबर वाटलं नाही, तर विशेष गृह, तेही जास्तीत जास्त ३ वर्षं. तिसरं सुरक्षित स्थान. तिथे १६ ते १८ वयाची, खून-बलात्कारासारख्या निर्घृण गुन्ह्याचा आरोप असलेली मुलं असतात, आणि गुन्ह्याच्या वेळी लहान होती पण आता अठरा ओलांडलीत अशीही असतात. असं सुरक्षित स्थान प्रत्येक राज्यात निदान एक तरी हवं. अशा गुन्ह्यांत सोळावरच्या मुलांवर प्रौढांसारखा खटला चालवायची वाट २०१२ च्या दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर उठलेल्या चर्चेतून कायद्यात आली. तुमच्या शेजारचा मुलगा पहिल्या जागी, निरीक्षणगृहात आहे. शिक्षेसाठी नाही, चौकशीपुरता.

आता खरा प्रश्न असा, की चौकशीपुरतं तरी त्याला आत का ठेवलंय?

या कायद्याचं कलम १२ लोकांना माहीतच नसतं. मुलाला मंडळासमोर आणलं की त्याला सोडायचं हा नियम आहे आणि ठेवून घेणं हा अपवाद. जामीनदार असो वा नसो, त्याला जामिनावर सोडता येतं, नाहीतर परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली किंवा योग्य माणसाच्या ताब्यात देता येतं. अडवायला कारणं फक्त तीन: सुटला तर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच हुकेल. गुन्हा किती मोठा आहे हे या तिन्हींत कुठे येत नाही. आणि मंडळानं घातलेली जामिनाची अट ७ दिवसांत मुलाला पाळता आली नाही, तर अट बदलण्यासाठी त्याला पुन्हा मंडळासमोर न्यायचं, असंही त्याच कलमात लिहिलंय. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की काही मुलांच्या मागे कुणीच येत नाही.

२०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला भरधाव आलिशान गाडीनं दोन तरुणांचा जीव घेतला, तेव्हा या कलमावर सगळा महाराष्ट्र बोलत होता. गाडी चालवणारा १७ वर्षांचा. आधी जामीन मिळाला, ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीसह. लोक भयंकर चिडले. तीन दिवसांत त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. मग २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयानं, जामीन झालेला असताना असं ठेवणं बेकायदा आहे म्हणून त्याला सोडवून आत्याच्या ताब्यात दिलं. दोन घरांतली कर्ती मुलं गेली, लोकांचा राग खरा होता आणि मलाही तो आला होता. पण निरीक्षणगृह हे राग शमवायचं ठिकाण नव्हे, एवढं उच्च न्यायालयाच्या निकालातून नीट कळतं. मला त्या दिवसांत सतत वाटत होतं ते वेगळंच. आमच्याकडची पोरं आठवत होती. त्यांच्यासाठी उच्च न्यायालयात कोण जाणार होतं?

एक मुलगा सांगते. १५ वर्षांचा, सायकलचोरी. रात्री साडेनऊला पोलिसांनी आणून सोडला. मुलाच्या अंगावरच्या वस्तू उतरवून वहीत लिहायच्या असतात. त्याच्या नावापुढे लिहिलं: एक पट्टा, गळ्यातला काळा दोरा, दहाच्या दोन नोटा, चिंचगोळ्यांची पुडी. ‘गोळ्या राहू द्या ना मॅडम,’ एवढंच तो बोलला. जेवणं उरकली होती. स्वयंपाकाच्या मावशींनी त्याच्यासाठी दोन चपात्या आणि वाटीभर आमटी झाकून ठेवली होती. एक चपाती त्यानं खाल्ली. दुसरी सकाळी गादीखाली सापडली, कडक झालेली. उद्या खायला देतात की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं.

तो २३ दिवस राहिला. त्याची आई धुणीभांडी करायची. तिला कुणीतरी सांगितलं होतं की जामिनाला दहा हजार रोख भरावे लागतात. ती आमच्याकडे आली तेव्हा रुमालाच्या गाठीत अठराशे रुपये होते, बाकीचे जमवतेय म्हणाली. मंडळासमोर तिला एक पैसाही लागला नाही. मुलाला नीट सांभाळीन, तारखेला हजर करीन, अशा हमीपत्रावर अंगठा उठवला आणि पोराला घेऊन गेली. हे दुसऱ्या दिवशीही झालं असतं. कायद्याप्रमाणे मुलाच्या घरचा, शाळेचा, संगतीचा सामाजिक तपासणी अहवाल मी १५ दिवसांत द्यायचा होता. मी त्याच्या घरी पोचले ती १९ व्या दिवशी. माझ्याकडे तीन तालुके होते आणि एसटीशिवाय वाहन नव्हतं. पण ते कारण त्या पोराच्या चार दिवसांना पुरत नाही, आणि ते चार दिवस मी विसरलेले नाही.

म्हणून सांगते, निरीक्षणगृहात जास्त दिवस राहतात ती सगळ्यात धोकादायक मुलं नसतात. ज्यांच्यासाठी कुणी येत नाही ती राहतात. आई-बाप ऊसतोडीला गेलेत, बाप वारलाय, घर परराज्यात आहे, किंवा घरचेच म्हणतात की राहू दे तिथेच, अद्दल घडेल. आतल्या सोयींकडे बघताना हे लक्षात ठेवायला हवं, कारण सोय कुणाची करायची ते यावरूनच ठरतं.

आता सोयी. कागदावर त्या चांगल्या आहेत, खरंच चांगल्या. केंद्राचे २०१६ चे आदर्श नियम आहेत, महाराष्ट्राचे स्वतःचे २०१८ चे आहेत. ५० मुलांच्या गृहाला प्रत्येकी १००० चौरस फुटांच्या दोन झोपायच्या खोल्या, म्हणजे मुलामागे ४० चौरस फूट. वर्गखोल्या, आजारी मुलांची वेगळी खोली, ८०० चौरस फुटांचं जेवणघर, वाचनालय, कार्यशाळा, समुपदेशनाची खोली, खेळायला मैदान. ८ शौचालयं, ५ न्हाणीघरं. मुलगे-मुली वेगळ्या गृहांत, आणि वयाचे गट पाडायचे: ७ ते ११, १२ ते १६, १६ ते १८. जागा तुरुंगासारखी किंवा कोठडीसारखी दिसता कामा नये, हेही नियमात आहे. मंडळाची बैठकसुद्धा कोर्टासारखी नको. न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत एक तरी बाई, मुलाच्या समोर सारख्याच उंचीवर बसणार. पिंजरा नाही, चौथरा नाही.

पैशांचं बोलायचं तर केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत संस्थेतल्या मुलामागे महिन्याला ३००० रुपये परिपोषणासाठी धरलेत. म्हणजे दिवसाला शंभर. त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता, कपडे, साबण, तेल, अंथरूण. तुमच्या घरात वाढत्या वयाचा मुलगा असेल तर हिशोब मी मांडायला नको. आमच्या मावशी आमटीत भोपळा आणि शेवग्याच्या शेंगा घालून ती वाढवायच्या, आणि रविवारी अंडी द्यायची तर शनिवारी भाजी स्वस्तातली आणायच्या.

आपल्याकडे बऱ्याच जिल्ह्यांत ही गृहं सरकार थेट चालवत नाही. परिविक्षा व अनुरक्षण संघटनेच्या जिल्हा शाखा सरकारी अनुदानावर ती चालवतात. मुंबईत डोंगरी आणि मानखुर्दचं काम १९२७ पासूनच्या चिल्ड्रन्स एड सोसायटीकडे आहे. देखरेख महिला व बालविकास विभागाची. हे मुद्दाम सांगते, कारण तक्रार करायची वेळ आली तर लोक पोलिसांकडे जातात. जायचं असतं जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे आणि बाल न्याय मंडळाकडे. गृहाची दर महिन्याला पाहणी करणं हे मंडळाचं काम आहे.

पण भिंती आणि पैसे यांच्याहून मोठी उणीव माणसांची. एका गृहात मी चार नवी शिलाई मशिनं पाहिली होती. कार्यशाळेत ओळीनं मांडलेली, वरचं प्लास्टिकचं वेष्टन तसंच. शिकवणाऱ्याचं पद रिकामं. मुलं त्या खोलीसमोरून दिवसातून चार वेळा जायची, आणि एकानं प्लास्टिकला नखानं भोक पाडून आतलं चाक फिरवून बघितलं म्हणून त्याला बोलणी बसली. मी तिथे असेपर्यंत ते वेष्टन निघालं नाही. मशिन ही सोय नव्हे, शिकवणारा माणूस ही सोय आहे. मशिनची पावती फाइलला लागते, पाहणीला दाखवता येते. रिकामी खुर्ची कुणी दाखवत नाही. समुपदेशकाचं तेच. आठवड्यातून एकदा येणारा समुपदेशक ४० मुलांशी काय बोलणार? दुपारी दोन ते पाच मुलं नुसती भिंतीला टेकून बसलेली असतात, आणि सगळा बिघाड त्या तीन तासांत होतो.

तुमचा दुसरा प्रश्न तोच आहे, मूल आत बिघडतं का. खोटं कशाला बोलू, बिघडू शकतं. जुनी, मोठी मुलं ‘दादा’ होतात. नव्या पोरानं संडास घासायचा, भेटीला आलेला खाऊ आधी दादाला द्यायचा. कुठल्या कुलपाला काय लागतं, बाहेर गेल्यावर कुणाला भेटायचं, हे ज्ञान वाटलं जातं. नियमातले वयाचे गट जागा आणि माणसं कमी पडली की मोडतात, आणि मग बारा वर्षांचं पोर सतरा वर्षांच्याच्या शेजारी झोपतं. यापुढचं जे असतं ते मी अहवालांत लिहिलंय, इथे लिहीत नाही. पण मी हेही पाहिलंय की ज्या गृहात एक चांगला काळजीवाहक रात्रपाळीला जागा असतो, तिथे यातलं जवळजवळ काही होत नाही. आमच्याकडे एक होते, माजी सैनिक. रात्री कंदील घेऊन खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि झोप न येणाऱ्या पोरांना लडाखच्या थंडीच्या गोष्टी सांगायचे. त्यांच्या पाळीला एकाही मुलाची तक्रार आली नाही. ते कंत्राटी होते. वर्ष संपलं, कंत्राट वाढवलं नाही.

ही दुखणी आजची नाहीत. डोंगरीच्या ज्या आवारात आज मुलं राहतात तो मुळात इंग्रजांचा तुरुंग. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर तिथेच १०१ दिवस होते. मुलांसाठी वेगळी जागा असावी हा विचार मुंबईत तसा जुना आहे. डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ ची, आणि मुंबई इलाख्याचा मुलांविषयीचा कायदा १९२४ चा. तरी १९८६ साली पत्रकार शीला बारसे यांना मानखुर्दच्या निरीक्षणगृहातल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये न्यायालयानं सांगितलं की निरीक्षणगृहात मुलांचा मुक्काम लांबता कामा नये, आणि जितके दिवस ती तिथे आहेत तितके दिवस त्यांना आवडेल अशा, आयुष्यात उपयोगी पडेल अशा कामात त्यांना गुंतवून ठेवावं. मी नोकरीला लागले तेव्हा हा निकाल झाला त्याला बरीच वर्षं होऊन गेली होती. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या भिंतीला टेकलेल्या दुपारीच माझ्या डोळ्यांसमोर आल्या.

मी इतक्या वर्षांत ज्या मागणीवर ठाम झाले ती अशी: नवं गृह बांधायचा प्रस्ताव आला की आधी आहे त्या गृहातली पदं भरा, आणि परिविक्षा अधिकाऱ्याला मुलाच्या घरी पहिल्या आठवड्यात पोचता येईल इतकी माणसं आणि एक गाडी द्या. निम्म्या गाद्या तिथेच रिकाम्या होतील. मग उरलेल्या मुलांना ४० चौरस फूटही मिळतील आणि शिकवणारा माणूसही पुरेल. आणि अठरा झाल्यावर ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी अनुरक्षणगृहं वाढवा. वाढदिवसाला हातात कपड्यांची पिशवी देऊन स्टँडवर सोडलेलं पोर मी पाहिलंय. त्याला त्या रात्री झोपायला कुठे जायचं ते माहीत नव्हतं.

आता तुमच्या शेजाऱ्यांनी काय करायचं ते.

उद्याच मुलाचा शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला काढा. वय ठरवताना हेच कागद आधी बघतात. हाडांची तपासणी कागद नसले तरच. आईचं आधार कार्ड, रेशन कार्ड आणि शाळेत नाव चालू असल्याचा बोनाफाईड घ्या. बाल न्याय मंडळ कोणत्या दिवशी बसतं ते निरीक्षणगृहाच्या ऑफिसात विचारा आणि त्या दिवशी आईला समोर उभी करा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, तो तुमचा हक्क आहे. कुणी जामिनाचे म्हणून हातात पैसे मागितले तर देऊ नका, थेट मंडळाला विचारा. पोलिसांनी कोठडीत ठेवलं होतं का, मारलं का, हेही मुलाला हळूच विचारा आणि तसं असेल तर मंडळासमोर सांगायला लावा. अशा मुलाला कोठडीत ठेवताच येत नाही.

साध्या चोरीचा किंवा हिसकावण्याचा गुन्हा असेल, ३ वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा, तर कायद्याच्या भाषेत तो किरकोळ गुन्हा. त्याची चौकशी ४ महिन्यांत संपवायची, फार तर आणखी २ महिने. तेवढ्यात संपली नाही तर ती तिथेच बंद होते. शेवटी आढळलं की त्यानं केलंय, तरी समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, आई-वडिलांना दंड, देखरेख, असे बरेच मार्ग मंडळापुढे आहेत. विशेष गृह त्यातला एक. आणि पुढे नोकरीला, पोलीस पडताळणीला हे प्रकरण आड येऊ नये म्हणून कायद्यानं ही अपात्रताच काढून टाकलीय. चाळीतल्या लोकांना मात्र सांगा, त्याचं नाव, फोटो कुठल्या ग्रुपवर फिरवू नका. तो गुन्हा आहे.

भेटीच्या दिवशी आईबरोबर तुम्हीही जा. बऱ्याचदा आया एकट्या येतात, फाटकाशी बावरतात, आणि विचारायचं ते विचारायचंच राहून जातं. खाऊ नेलात तर थोडा जास्त न्या, त्याच्या खोलीतल्या सगळ्यांना पुरेल इतका, म्हणजे त्याला एकट्याला तो लपवावा लागणार नाही. आणि जायच्या आधी त्याच्या वर्गशिक्षकांना भेटून हजेरीपटावरून नाव कमी करू नका म्हणून सांगून या. तो सुटून आल्यावर सोमवारी सकाळी दप्तर घेऊन कुठे जायचं, ते आत असतानाच त्याला माहीत असायला हवं.